तपकिरी शेवाळाची गोष्ट (आणि थोडी गोरेगाव-मुलुंडची)

शेवाळ हा शब्द आपल्याकडे कुणी फारसा प्रेमाने उच्चारत नाही. पावसाळ्यात मोरीत, गच्चीवर, विहिरीच्या पायऱ्यांवर जे हिरवं बुळबुळीत साचतं आणि ज्याच्यावरून घरातलं कुणीतरी दरवर्षी घसरतं, ते शेवाळ. त्यामुळे समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून माणसाच्या उपयोगाची द्रव्यं कशी काढतात हे मी सांगायला लागलो की घरची मंडळी आधी नाक मुरडतात आणि मग विचारतात, "पण त्याचा आपल्याशी काय संबंध?"

संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. तुम्ही दाताची कवळी करून घेतली असेल, छापील सुती साडी नेसला असाल, जळजळीवरचं गुलाबी किंवा पांढरं पातळ औषध घेतलं असेल, साधं मीठ खाल्लं असेल, तर या शेवाळाच्या इतिहासाचं एखादं टोक तुमच्यापर्यंत पोचलेलं आहे. आणि अंधेरी-गोरेगाव-मुलुंड या आपल्या गर्दीच्या उपनगरांचाही या गोष्टीत एक भाग आहे. तो फार कमी लोकांना ठाऊक असतो, म्हणून हा लेख. जरा लांबण लागेल, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आधी हे शेवाळ म्हणजे नेमकं काय ते पाहू. समुद्रातली मोठी शेवाळं रंगावरून तीन गटांत पडतात: हिरवी, लाल आणि तपकिरी. तपकिरी शेवाळांत हरितद्रव्य असतंच, पण फ्युकोझॅन्थिन नावाचं रंगद्रव्य त्यावर मात करतं, म्हणून ती चहाच्या रंगाची दिसतात. ती खऱ्या अर्थाने वनस्पतीसुद्धा नव्हेत, जीवसृष्टीच्या वृक्षावर त्यांची फांदीच वेगळी. थंड समुद्रात ती काही मीटर लांबीची होतात. आपल्या कोमट पाण्यात मुख्य म्हणजे सारगॅसम. मालवणला किंवा रत्नागिरीला पावसाळ्यानंतर, ओहोटीच्या वेळी कातळावर उतरलात तर हमखास दिसेल. पानांच्या बेचक्यात मिऱ्याएवढे हवेचे फुगे असतात, त्यांच्या आधाराने ते पाण्यात उभं राहतं. खाली कातळाला घट्ट धरलेली एक गाठ असते. वर्सोव्यापासून गोराईपर्यंतचा आपला किनारा बराचसा वाळूचा आणि चिखलाचा आहे आणि शेवाळाला धरायला दगड लागतो, म्हणून उपनगरातल्या माणसाला ते सहसा भेटत नाही.

आता इतिहास. माणसाने तपकिरी शेवाळातून पहिली गोष्ट काढली ती राख. अठराव्या शतकात काच आणि साबण करायला सोडा लागायचा. तो स्पेनमधून यायचा, खाऱ्या जमिनीवरच्या झुडपांच्या राखेतून. नेपोलियनच्या लढायांमुळे ती वाट अडली आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर शेवाळ जाळण्याचा धंदा भरभराटीला आला. एक टन राखेसाठी साधारण वीस टन ओलं शेवाळ लागे. थंडगार पाण्यात कमरेइतकं उभं राहून कापायचं, वाहून आणायचं, वाळवायचं आणि दिवसचे दिवस धुरात बसून जाळायचं. ऐन भरात या राखेला टनामागे वीस पौंडांच्या आसपास भाव होता, त्यातले जेमतेम एक ते तीन पौंड जाळणाऱ्याच्या हाती पडत. बाकीचे जमीनदाराचे. मजूर अमेरिकेला निघून जाऊ नयेत म्हणून जमीनदारांनी सरकारकडे खटपट केली आणि १८०३ मध्ये बोटींचे नियम असे झाले की प्रवासाचं भाडंच गरिबाच्या आवाक्याबाहेर गेलं. पुढे लढाया संपल्या, परदेशी मालावरची जकात उतरली, मिठापासून सोडा करण्याची फ्रेंच रीत पसरली, आणि १८२० नंतर राखेचा भाव कोसळला. ज्यांना कालपर्यंत जाऊ देत नव्हते, तीच माणसं आता जमीनदारांना जड झाली. त्यांना हुसकून तिथे मेंढरं आणली गेली.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. शेवाळातून द्रव्य काढण्याची जेवढी म्हणून वर्णनं आपण वाचतो, त्यांत रसायन असतं, शोध लावणाऱ्याचं नाव असतं, कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली माणसं बहुधा नसतात.

त्याच राखेतून दुसरा शोध निघाला. १८११ मध्ये पॅरिसजवळ बर्नार कुर्त्वा नावाचा माणूस बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करत होता. शेवाळाच्या राखेच्या द्रावणात त्याच्याकडून गंधकाम्ल जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ वर आली. वाफ गार झाल्यावर त्याचे काळसर चकचकीत स्फटिक झाले. तेच आयोडीन. १८२० मध्ये जिनेव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरने ते गलगंडावर वापरून पाहिलं. समुद्रशैवाल गलगंडावर चालतं हे चिनी वैद्य कितीतरी शतकं आधीपासून सांगत होते, आता त्यातला कार्यकारी पदार्थ हाती आला. आपल्याकडे १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा मोठा प्रयोग केला, आणि आज वाण्याकडून आणलेल्या पिशवीवर आपण 'आयोडाइज्ड' हा शब्द न वाचताच पिशवी फोडतो, त्यामागे तो प्रयोग आहे. मात्र तोवर आयोडीन शेवाळातून काढायची गरज बरीच कमी झाली होती. चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्याबरोबर ते स्वस्तात मिळू लागलं होतं. शेवाळाचा दुसरा धंदाही असा हातचा गेला.

तिसरा शोध सगळ्यांत टिकाऊ ठरला. ई. सी. सी. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाला शेवाळ जाळणं हाच अपव्यय वाटत होता. जाळल्यावर जे धुरात जातं त्याचं काय? त्याने शेवाळ सोड्याच्या पाण्यात भिजवून पाहिलं, तर एक दाट, चिकट पदार्थ पाण्यात उतरला. १८८१ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं आणि नाव दिलं अल्जिन. आज आपण त्याला अल्जिनेट म्हणतो.

अल्जिनेट काढण्याची रीत ज्यांनी घरी कुरडयांचा चीक काढलेला पाहिला आहे त्यांना चटकन कळेल. गहू भिजवायचे, वाटायचे, चोथा गाळून टाकायचा, सत्त्व खाली बसू द्यायचं. इथेही शेवाळ आधी धुवून, वाळवून बारीक करायचं. मग सौम्य आम्लात भिजवायचं, म्हणजे आतले क्षार सुटतात. मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ठेवायचं, म्हणजे शेवाळातलं अल्जिनिक आम्ल सोडियमशी जोडलं जाऊन पाण्यात विरघळतं. आता हे इतकं दाट होतं की गाळताच येत नाही, म्हणून भरपूर पाणी घालायचं आणि चोथा वेगळा करायचा. शेवटी आम्ल किंवा कॅल्शियम क्लोराइड घालून अल्जिनेट पुन्हा घट्ट करून बाहेर काढायचं, सोड्याने उदासीन करायचं, वाळवून दळायचं. फिकट, बेज रंगाची पूड हाती येते. वाळलेल्या शेवाळाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, जातीनुसार आणि ऋतूनुसार कमी-जास्त.

गंमत आहे ती सोडियम आणि कॅल्शियमच्या फरकात. सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळतं, कॅल्शियम मिळालं की त्याचा लगेच मऊ, लवचीक घट्ट गोळा होतो. कॅल्शियमच्या पाण्यात सोडियम अल्जिनेटचा थेंब टाकला की साबुदाण्याचा दाणा तयार! समुद्रात शेवाळाला याचाच उपयोग. लाटेचा मार खाऊनही ते मोडत नाही, वाकतं. दातांच्या डॉक्टरकडे तुमच्या तोंडात थंडगार पिठाचा गोळा कोंबून दोन मिनिटं गप्प बसवतात ना, तेही हेच. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारं अगर-अगर (ते लाल शेवाळातलं) बंद झालं आणि साचे घेण्यासाठी अल्जिनेट पुढे आलं. जळजळीवरच्या काही औषधांत ते पोटातल्या आम्लावर साय धरल्यासारखं तरंगतं. जखमेवरच्या काही पट्ट्यांत ते रक्तातलं सोडियम घेऊन ओलसर मऊ थर करतं, त्यामुळे पट्टी काढताना जखम उलत नाही.

माझी स्वतःची अल्जिनेटशी ओळख यापैकी कशातून झाली नाही. १९८८ मध्ये मी साकीनाक्याला एका रंग-रसायनांच्या ऑफिसात नोकरीला लागलो. कापड छापणाऱ्या कारखान्यांना माल पुरवायचा धंदा. तिथे रंगांच्या डब्यांशेजारी पंचवीस किलोंच्या पोत्यांत सोडियम अल्जिनेट असायचं. रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊनही ते शेवाळाचं असतं हे मला आमच्या गोदामातल्या जुन्या माणसाने सांगितलं. तो गिरणीतून आलेला, १९८२ च्या संपात नोकरी गेलेला. रंगखात्यात वीस वर्षं काढलेली. त्याच्याकडूनच कळलं की १९५६ मध्ये रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आले आणि छपाईची खळच बदलली. हे रंग धाग्याशी रासायनिक रीतीने जोडले जातात, म्हणून धुण्यात उतरत नाहीत. पण खळ स्टार्चची असेल तर रंग सुताबरोबर खळीशीही जोडला जातो: रंग वाया आणि कापड पुठ्ठ्यासारखं. अल्जिनेट मात्र त्या रंगाला फारसं जवळ करत नाही. छापून, वाफवून झालं की धुऊन निघून जातं, कापड मऊ राहतं. "रंगाला धरून ठेवायचं पण त्याच्याशी सोयरीक करायची नाही, असली खळ पाहिजे," असं तो म्हणायचा. आजवर वाचलेल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला याहून नेमकं स्पष्टीकरण सापडलेलं नाही.

तर मग आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळाकडे कुणी पाहिलं की नाही? पाहिलं. बोर्गेसेन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरून शेवाळं गोळा केली आणि १९३० पासून त्यांवर लेख प्रसिद्ध केले. १९६६ मध्ये जे. एन. मिश्रा यांचा भारतातल्या तपकिरी शेवाळांवरचा ग्रंथ आला. त्याच वर्षी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जिचं मुख्यालय गोव्याला आहे. तिचं मुंबईचं केंद्र अंधेरीला, चार बंगल्याजवळ. आणि त्याच वर्सोव्यात १९६१ मध्ये सुरू झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. गोव्याच्या संस्थेतल्या धारगळकर, जगताप आणि उंटवाले या तिघांनी १९८० मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांत प्रथिनं, कर्बोदकं वगैरे किती आहेत याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नावं पाहा, सगळी आपल्या बाजूची. कारखान्यासाठी लागणारं शेवाळ मात्र कोकणातून कधी मोठ्या प्रमाणावर निघालं नाही. ते आलं तमिळनाडूतून, मन्नारच्या आखातातून.

आता आपल्या उपनगरांकडे येतो. समुद्रातून नाही, पण सह्याद्रीतून गुणकारी द्रव्यं काढण्याचं फार मोठं काम इथे झालं आहे. गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं, त्याचं उद्घाटन १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. प्रमुख होते डॉ. टी. आर. गोविंदाचारी, वनस्पतींतल्या अल्कलॉइडांचे मोठे जाणकार. मुलुंडला होएक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र १९७२ मध्ये उभं राहिलं. लोकलच्या खिडकीतून कारखान्यांच्या चिमण्या पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना पत्ताही नसायचा की आतमध्ये कुणीतरी कोकणातल्या मुळ्या आणि साली उकळत बसलं आहे.

मुलुंडच्या केंद्रातली गोष्ट आधी. घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात हिवाळ्यात गुजराती बायका गरमर नावाची मुळं घेताना दिसतात, लोणच्यासाठी. मराठीत याला माइनमूळ म्हणतात. १९७७ मध्ये सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडाच्या मुळांतून एक पदार्थ वेगळा करून त्याची रचना प्रसिद्ध केली. तोच फोर्सकोलिन. (लखनौच्या प्रयोगशाळेतही त्याच सुमारास त्यावर स्वतंत्रपणे काम झालं होतं.) पेशीच्या आतला संदेश पोचवणारं एक यंत्र या पदार्थाने थेट सुरू होतं, असं पुढे दिसलं, आणि जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ती एक रोजच्या वापरातली बाटली झाली. त्याचं एक रूप जपानमध्ये १९९९ मध्ये हृदयविकारावरचं औषध म्हणून मान्य झालं. मुळांना मागणी वाढल्यावर तमिळनाडूत त्याची शेती सुरू झाली. लोणच्याचं मूळ आधीपासून लावायची सवय असलेलं, म्हणून ते शेतात सहज उतरलं.

गोरेगावची गोष्ट वेगळी. १९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगाच्या पेशींना मारणारं द्रव्य शोधलं. यातले वाणी जन्माने नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी गोरेगावहून जाहीर केलं की तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात चांगल्या प्रमाणात आहे. झाडाचं नाव नरक्या. कुजका वास, म्हणून हे नाव. १८३९ मध्ये मुंबईतल्या पोस्ट खात्याचा अधिकारी जॉन ग्रॅहॅम याच्या वनस्पतींच्या यादीत त्याची नोंद आहे. शास्त्रीय नावात निम्मो नावाच्या मुंबईच्या एका हौशी संग्राहकाची आठवण आहे. वाळलेल्या किलोभर लाकडातून ग्रॅम-दोन ग्रॅम कॅम्पटोथेसिन. त्यावर प्रक्रिया करून तयार होणारी टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली.

टोपोटेकान हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते २०११ मध्ये, मावशीच्या फाईलमध्ये. बीजाशयाचा कर्करोग उलटला होता आणि दुसऱ्या फळीचं औषध म्हणून डॉक्टरांनी ते लिहून दिलं होतं. मावशी मुलुंडला राहायची, माहेर सावंतवाडीकडचं. औषध चढत असताना वेळ जावा म्हणून मी तिला हे सगळं सांगत बसायचो: गोरेगाव, गोविंदाचारी, नरक्या. नरक्या म्हटल्याबरोबर ती त्या अवस्थेतही हसली. म्हणाली, "त्येका ढोरां पन तोंड लावनत नाय!" मग थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या घाटीत होता रे तो. मागे ट्रक भरून नेलान कुणी कुणी. आम्हांला वाटायचं जळणाला नेतायत."

तेच ते. औषधांना मान्यता मिळाली आणि नरक्याला भाव आला. झाड वाढायला वेळ लागतो आणि द्रव्य असतं हजारात एक-दोन भाग, म्हणजे टनावारी लाकूड. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्या जंगलांतून अवैध तोडीच्या बातम्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत राहिल्या. तोडणाऱ्याला मजुरीपुरते पैसे, आणि आपण काय तोडतोय, ते कुणाच्या शिरेत जाणार आहे, याची त्याला कल्पना नाही. कमरेइतक्या पाण्यातली ती स्कॉटिश माणसं मला इथे आठवतात.

मावशीच्या आजारपणात तपकिरी शेवाळही आमच्या घरात आलं. नात्यातल्या एकांनी मोठ्या मायेने परदेशातून फ्युकॉयडनच्या कॅप्सूल पाठवल्या. महाग, सुंदर बाटली. फ्युकॉयडन हेही तपकिरी शेवाळातलंच, १९१३ मध्ये स्वीडनच्या क्युलिन यांनी शोधलेलं. गंधकयुक्त साखरेची लांबलचक साखळी. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत ते कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करताना दिसतं, त्यावर शेकडो निबंध आहेत. माणसांवरचा पुरावा मात्र अगदी तोकडा आहे. मावशीने मला विचारलं, "घेऊ का रे? तू केमिस्ट्रीवाला." घरात केमिस्ट्रीवाला असणं म्हणजे काय जबाबदारी, ते तेव्हा कळलं. मी बाटली घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मागचं लेबल वाचलं आणि शांतपणे सांगितलं की टोपोटेकानने हिच्या रक्तातल्या प्लेटलेट खाली येतात, आणि फ्युकॉयडन रक्त गोठण्याच्या आड येऊ शकतं. सध्या नको. बाटली कपाटात राहिली. पाठवणाऱ्यांना वाईट वाटलं, पण मावशीनेच त्यांना फोन करून समजावलं. त्यानंतर ती दीड वर्ष होती. त्यातलं एक वर्ष बरं गेलं, स्वतःच्या हाताने तिने आंबोळ्या घातल्या.

हे सांगण्याचं कारण, तपकिरी शेवाळाच्या नावाने आजही असंच बरंच काही येत असतं आणि कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतही असतं. त्यात खरं काम आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने शेवाळांच्या अर्कांपासून सांधेदुखी, मधुमेह अशांसाठी पूरक आहाराच्या कॅप्सूल तयार करून कंपन्यांना परवाने दिले आहेत. दुसऱ्या बाजूला चीनचं उदाहरण आहे. तपकिरी शेवाळातल्या साखळ्या तोडून केलेल्या एका औषधाला तिथे २०१९ मध्ये स्मृतिभ्रंशासाठी सशर्त मान्यता मिळाली, मोठा गाजावाजा झाला, आणि २०२२ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी अर्ध्यावर थांबवली गेली. ज्यांच्या घरी आई किंवा वडील नाव विसरू लागले आहेत, त्यांनी २०१९ मध्ये ती बातमी किती आशेने वाचली असेल! रसायन खरं असतं, ताटलीतला परिणामही खरा असतो. मधलं अंतर मोठं असतं आणि ते चालायला वर्षं लागतात. कुरकुमिनपासून फ्युकॉयडनपर्यंत हाच अनुभव आहे.

आणि शेवाळ येतं कुठून? आपल्या देशात शेती होते ती मुख्यतः लाल शेवाळाची. अल्जिनेट देणारं तपकिरी शेवाळ अजूनही समुद्रातलं, आपोआप उगवलेलं कापून आणतात. मन्नारच्या आखातात १९६० च्या दशकापासून हे काम बायका करतात. डोळ्याला साधा चष्मा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, श्वास रोखून बुडी मारायची. १९८६ मध्ये तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं आणि बेटांजवळ त्यांना मज्जाव झाला. या बायका संघटित झाल्या, महिन्यातले ठरावीकच दिवस समुद्रात उतरायचं असं त्यांनी ठरवून घेतलं, आणि त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सीकॉलॉजी हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाठ कातळावर ठेवून वरचा भाग कापला तर शेवाळ पुन्हा फुटतं, उपटलं तर त्या दगडावरची वस्ती संपते. त्याच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात, हे कुठल्याही कोळ्याला सांगावं लागत नाही.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्रशैवालासाठी पैसे ठेवले गेले. उद्या कोकणच्या कातळांकडेही गिऱ्हाईक वळेल. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणजे तिथे मन्नारचाच प्रश्न येणार. गोरेगावहून नरक्याचं नाव जाहीर झालं तेव्हा, १९७२ मध्ये, स्थानिकांचा वाटा वगैरे काही कायद्यात नव्हतं. २००२ चा जैवविविधता कायदा त्यासाठी आहे. पेप्सिको कंपनीने तमिळनाडूतलं लाल शेवाळ निर्यात केलं तेव्हा त्या कायद्याखाली रॉयल्टी भरली आणि ती किनाऱ्यावरच्या कुटुंबांत वाटली गेली. म्हणजे हे होऊ शकतं. कुणीतरी पाठपुरावा करायला हवा, आणि ज्यांच्या दारात शेवाळ आहे त्यांना आपण काय विकतोय ते आधी ठाऊक हवं.

एवढंच मागणं आहे. माझ्या मावसभावंडांपैकी निम्मी हा लेख वाचतात, त्यांतली दोघं अजून गावी आहेत. त्यांना सांगायचंय की कुणी वाळलेल्या शेवाळाचा भाव विचारत आला तर त्याला बसवा, सरबत द्या, आणि हे कशासाठी नेताय, त्यातून काय काढणार, पुढल्या वर्षी पुन्हा येणार की नाही, असं सगळं विचारा. गरमरची शेती झाली आणि नरक्याचे ट्रक गेले. सारगॅसमचं काय होणार, ते अजून ठरायचं आहे.

मावशीच्या कपाटातली ती बाटली पुढे साफसफाईत सापडली, सील न फोडलेली. मुदत कधीच उलटून गेली होती. घाटीतला नरक्या आता शोधावा लागतो असं मावसभाऊ सांगतो, पण एक झाड देवराईत आहे म्हणे. या दिवाळीत गेलो की बघून येईन.